बिनमिठाचा भात

मी बेंगळुरूहून बोलते आहे आणि आजचा विषय आहे गोवा.

गोव्याचा इतिहास म्हटलं की आपल्याला तीन-चार तारखा आठवतात. १५१०, आल्बुकर्क आला. १८ जून १९४६, मडगावात राममनोहर लोहियांची सभा. १९ डिसेंबर १९६१, भारतीय सैन्य पणजीत. या तारखा खऱ्याच आहेत. पण पहिली आणि शेवटची यांच्यात साडेचारशे वर्षं आहेत. तेवढी वर्षं गावातली माणसं काय करत होती? शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. मला ते सापडलं एका हुकमात, आणि तोही राज्यकर्त्यांनीच काढलेला.

१७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, एक जाहीरनामा काढला. तो गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी होता. अ. का. प्रियोळकरांनी या न्यायालयावर इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं, १९६१ साली, त्यात तुम्हाला तो वाचायला मिळेल. काय काय मना केलं होतं बघा. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. वधूवरांना हळद-तेल लावायचं नाही. सोयऱ्यांकडे विडे, सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. अंगणात तुळस लावायची नाही, असलेली उपटून टाकायची. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि या यादीत एक कलम असं, की भात मीठ न घालता शिजवायचा नाही.

हे शेवटचं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. आपल्याकडे आजही भात आळणीच शिजवतात, त्यात कुणाला काही धर्म दिसत नाही. पण त्या अधिकाऱ्याला दिसला. कुठल्या घरात भातात मीठ आहे आणि कुठल्या घरात नाही, यावरून कोण अजून मनानं जुन्या रीतीचा आहे हे ओळखता येईल, असं त्याला वाटलं.

आता साल पुन्हा बघा. १७३६. ज्या गावांसाठी हा हुकूम निघाला तिथलं धर्मांतर १५४० ते १५७० च्या सुमाराचं. मध्ये पावणेदोनशे-दोनशे वर्षं गेली, म्हणजे सहा-सात पिढ्या. जी गोष्ट कुणी करतच नाही तिच्यावर सरकार बंदी कशाला घालेल? म्हणजे सहा-सात पिढ्यांनंतरही त्या ख्रिस्ती घरांत ओव्या चालू होत्या, अंगणात तुळस होती, चुलीवर आळणी भात होता. पोर्तुगीज कारकुनानं बंदीची यादी केली, आणि तीच आज आपल्याला गावकऱ्यांनी काय काय सोडलं नाही याची यादी म्हणून वाचता येते.

आता थोडं मागे जाऊ. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे तीन महाल पोर्तुगीजांच्या हाती आधी आले, त्यांना ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. तिसवाडी १५१० पासून, बार्देश-साष्टी १५४३ च्या सुमारास. १५४० पासून तिसवाडीतली देवळं पाडली गेली, १५६० च्या दशकात बार्देश आणि साष्टीतली. १५६० मध्येच धर्मन्यायालय आलं. पण जुवारी नदीच्या पलीकडे फोंडा महाल आदिलशाहीत होता. पलीकडे म्हणजे किती? होडीनं तासाभराचा रस्ता.

त्या तासाभराच्या अंतरावर लोकांनी देव नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, सांकवाळची विजयादुर्गा केरीला. मडगावचा दामोदर जांबावलीला. आज आपण फोंड्याला एका दिवसात पाच देवळं बघून येतो आणि म्हणतो, काय देवभूमी आहे! ती सगळी एका परगण्यात का जमली आहेत हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. ती निर्वासितांची वस्ती आहे. (प्रियोळकर हे आडनावही त्याच प्रियोळचं, हे जाता जाता.)

देवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मुलांची तेवढी नसते. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावानं कायदा आला, की अनाथ हिंदू मुलं जेझुइटांच्या ताब्यात द्यायची, त्यांना बाप्तिस्मा द्यायचा, ख्रिस्ती म्हणून वाढवायचं. आधी आईबाप, आजीआजोबा कुणीच नसलेली मुलं म्हणजे अनाथ, असा अर्थ होता. पुढे तो ताणत ताणत बाप गेला की मूल अनाथ, इथपर्यंत आला. आई जिवंत असली तरी. मग घरात नवरा वारला की शोक करायच्या आधी पोर लपवायचं, नातेवाइकांनी त्याला रातोरात नदीपार पोचवायचं, असं सुरू झालं. लपवणाऱ्यांना शिक्षा होती. तरी लपवत होते. याला आपण चळवळ म्हणत नाही, कारण त्याला ना नेता होता ना घोषणा. एक मामा, एक होडी, एवढंच.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येते, आणि ती आहे चिखलाची.

गोव्याच्या नद्यांना भरती येते, खारं पाणी आत मैलोन्‌मैल चढतं. त्या खाऱ्या पाण्याच्या काठची जमीन बांध घालून लागवडीला आणायची, तिला ‘खाजण’ म्हणतात. बांधाला लाकडी दारं असतात, त्यांना ‘मानस’ म्हणतात. भरतीचं पाणी वर चढलं की त्याच्याच दाबानं दार मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर ढकलून ते उघडतं. खारेपणा सोसणारं कोरगूट नावाचं भात तिथे पिकतं. ही व्यवस्था फार हुशारीची, पण नाजूक. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं आणि कुणी लगेच चिखल लिंपला नाही, तर खारं पाणी आत शिरतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं कामातून जाते. म्हणून बांधावर रोज नजर लागते. हे काम गावकरी करत. गावकरी म्हणजे इथे नुसता गावात राहणारा नव्हे. गाव वसवणाऱ्या मूळ कुळांची संस्था होती, ‘गांवकरी’ नावाची, पोर्तुगीज तिला ‘कोमुनिदाद’ म्हणू लागले. जमीन संस्थेची, बांध संस्थेचे, सरकारला कर भरायचा तो संस्थेनं. १५२६ साली आफोन्सो मेशिया नावाच्या अधिकाऱ्यानं या गावांच्या रूढी लेखी नोंदवल्या, कारण त्यांच्यावाचून वसुली होणार नाही हे त्याला कळलं होतं.

तर अशा गावातून माणसं निघून गेली की काय होतं? देवळाची जागा ओस पडते ते वेगळं, पण बांध फुटतो. भात जातं आणि कर बुडतो. गोव्यापासून लिस्बनपर्यंत पत्रं जातात, की गावं रिकामी होताहेत, काहीतरी करा. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध या गोंधळाचा आहे. सरकार कधी धमकी देतं, गेलात तर जमीन जप्त. कधी समजावतं, परत या, तुमची जमीन तुम्हाला देऊ. धर्मखातं म्हणतं आणखी आवळा, महसूलखातं म्हणतं जरा सैल सोडा. हातात शस्त्र नसलेल्या माणसानं सरकारच्या दोन खात्यांत भांडण लावलं, ते केवळ बांधावरून उठून जाऊन.

इथे मला पॅलेस्टाईनची एक गोष्ट सांगायची आहे. बेथलेहेमजवळ बेत साहूर नावाचं गाव आहे, बहुसंख्य वस्ती ख्रिस्ती. १९६७ पासून हा भाग इस्रायली सैन्याच्या ताब्यात. पहिला इंतिफादा चालू असताना, १९८८-८९ मध्ये, या गावानं ठरवलं की लष्करी प्रशासनाला कर भरायचा नाही. आम्हाला प्रतिनिधी नाही, तर आमच्याकडून करही नाही. शेकडो लोकांनी आपली ओळखपत्रं परत केली. इस्रायली दूध विकत घ्यायला नको म्हणून गावानं अठरा गायी आणल्या, तर सैन्यानं त्या गायी सुरक्षेला धोका ठरवल्या आणि गावकऱ्यांनी त्या लपवून ठेवल्या. १९८९ च्या शरद ऋतूत सैन्यानं सहा आठवडे गावाची नाकेबंदी केली, घराघरांतून फर्निचर, यंत्रं, दुकानातला माल उचलून नेला. गाव कर भरायला तयार झालं नाही.

त्या लोकांकडे एक शब्द आहे, ‘सुमूद’. म्हणजे चिवटपणानं आपल्या जागी टिकून राहणं. ऑलिव्हची झाडं लावणं, दरवर्षी फळं उतरवायला जाणं हेसुद्धा त्यांच्यात प्रतिकार समजतात, कारण जमीन काही वर्षं पडीक दिसली की जुन्या ऑटोमन कायद्याचा आधार घेऊन ती सरकारी जाहीर होऊ शकते. तिथे गाव सोडलेल्याला परत येता येईलच असं नाही. १९४८ चा अनुभव प्रत्येक घरात सांगितला जातो. म्हणून तिथे न जाणं हा प्रतिकार.

आणि आपल्याकडे आपण शाबासकी कुणाला देतो? जे गेले त्यांना. देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडणारे आपले नायक. जे साष्टीत राहिले, बाप्तिस्मा घेतला, जमीन धरून बसले, त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतो ते मी इथे उच्चारत नाही, तुम्हाला माहीत आहे. बेत साहूरबद्दल वाचल्यावर मला हा हिशेब अपुरा वाटू लागला. बांध लिंपायला कुणीतरी राहायलाच हवं होतं. जे राहिले त्यांनी नाव बदललं, प्रार्थना बदलली, आणि सहा-सात पिढ्या भात आळणीच शिजवला.

या सगळ्यात कुंकळ्ळीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साष्टीच्या दक्षिणेचं हे गाव. इथली देवळं पाडली, गावानं पुन्हा उभारली, पुन्हा पाडली. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला पाच जेझुइट आले, त्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा. हा अकबराच्या दरबारात राहून आलेला माणूस. गावकऱ्यांनी त्या पाचांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही लोकांना ठार मारलं. ही अहिंसा नव्हती आणि ती तशी दाखवायचा माझा विचार नाही. त्यानंतर पोर्तुगीजांनी बोलणी करू म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं. सोळा गेले. पंधरा मारले गेले, एक नदीत उडी टाकून निसटला.

सहसा गोष्ट इथे संपवतात. पण माझ्या विषयाची गोष्ट इथून सुरू होते. तलवारीचा मार्ग संपल्यावर कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, वेळ्ळी, आंबेली या पाच गावांनी कर द्यायचं नाकारलं. सरकारनं त्यांचे गांवकरीचे हक्कच काढून घेतले आणि गावं जहागीर म्हणून वाटून टाकली. आपल्याच पूर्वजांनी बांध घातलेल्या जमिनीवर ही माणसं कुळं झाली. ती परत मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न पिढ्यान्‌पिढ्या चालले.

देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण तेव्हाच शेजारच्या फातर्प्याला गेली होती, पोर्तुगीज हद्दीबाहेर. दरवर्षी फाल्गुनात ती वाजतगाजत कुंकळ्ळीला येते, तिच्या जुन्या देवळाच्या जागेपर्यंत. त्या जागी आता कपेल आहे. बरोबर रंगीत छत्र्या असतात, बारा वांगडांच्या बारा. वांगड म्हणजे गांवकरीतलं कूळ. जमिनीच्या कागदावरून या बारा कुळांची नावं सरकारनं पुसली होती. छत्र्यांवरून पुसता आली नाहीत. त्या कुळांतली काही घरं आज ख्रिस्ती आहेत, आणि आपण कुठल्या वांगडाचे हे त्यांनाही ठाऊक असतं.

तसंच जांबावलीचं. मडगावचा दामोदर तिथे गेला त्याला साडेचार शतकं झाली, पण गुलालाच्या दिवशी मडगावकर अजून तिथे जातात. देव आमचा, पत्ता तेवढा बदललाय, असा तो मामला.

आता बेंगळुरूचं सांगते. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक सारस्वत कुटुंब राहतं, कुमट्याकडचं. खालच्या मजल्यावर मंगळूरचं कॅथलिक कुटुंब. दोघं घरात कोंकणी बोलतात, एकमेकांशी मात्र इंग्रजी. सारस्वत कुटुंबाची कुळकथा सरळ आहे, पोर्तुगीजांच्या जाचामुळे पूर्वज गोवा सोडून दक्षिणेला आले. पण खालच्या मजल्यावरचे? तेही गोव्यातूनच आले. आणि ख्रिस्ती असून आले. दुष्काळ हे एक कारण होतं, १६८३ आणि १७३९ च्या मराठ्यांच्या स्वाऱ्या हे दुसरं, ते आपल्याला आवडो न आवडो. पण इन्क्विझिशन हेही मोठं कारण होतं. या न्यायालयाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचा. तुळस लावल्याबद्दल, ओवी म्हटल्याबद्दल पकडला जायचा तो ख्रिस्ती माणूस. म्हणून तोही पळाला. केळदीच्या नायकांनी या मंडळींना जमिनी दिल्या, कारण शेतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मंगळूरच्या कॅथलिक लग्नात आजही आदल्या दिवशी ‘रोस’ असतो, वधूवरांना नारळाचं दूध चोळतात, आणि बायका ‘वोवियो’ म्हणतात. वोवियो म्हणजे ओव्या. १७३६ च्या यादीतल्या त्याच.

भाषेचंही तसंच झालं. संभाजी महाराजांची स्वारी १६८३ ची. गोवा थोडक्यात वाचला. लगेच दुसऱ्या वर्षी, १६८४ मध्ये, आल्व्होरच्या काउंट नावाच्या व्हाइसरॉयनं हुकूम काढला, की तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज शिकून घ्यावी आणि देशी भाषा बोलणं सोडावं. गंमत अशी की याच राज्यात, साष्टीतल्या राशोलला, १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं मराठी ओवीतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. म्हणजे ज्या भाषेत धर्म शिकवला तिच्यावरच सत्तर वर्षांनी बंदी. पुढे पावणेदोनशे वर्षांनी कुन्हा रिवारा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानंच १८५८ साली कोंकणीवर निबंध लिहून या धोरणावर कडक टीका केली. मधल्या काळात तीन वर्षांच्या मुदतीचं काय झालं? काही नाही. बाई विहिरीवर गेली आणि कोंकणीत बोलली. हुकूम अमलात आणायचा तर प्रत्येक विहिरीवर शिपाई ठेवावा लागला असता.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना मोकळा श्वास घेता आला, तोही थोडीच वर्षं. १९२६ नंतर हुकूमशाही आली, मग सालाझार. सभेला परवानगी, छपाईला परवानगी. लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. मी लग्नपत्रिका हा शब्द मुद्दाम उच्चारते आहे, कारण १७३६ मध्ये सरकार लग्नातल्या ओव्यांवर लक्ष ठेवून होतं आणि दोनशे वर्षांनंतर लग्नाच्या पत्रिकेवर. गावोगाव देवळांच्या आवारात मराठी शाळा चालत. भजनी सप्ताह चालत. १९४६ नंतर जे सत्याग्रह झाले त्यांना माणसं मिळाली ती याच वातावरणातून, असं माझं मत आहे. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाचं अधिवेशन उघड उघड भरवलं गेलं, अध्यक्ष होत्या सुधाताई जोशी, भारतीय संस्कृती कोशाचे महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. त्यांना तिथेच अटक झाली आणि मोठी शिक्षा झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. ते सगळं आपण आधीच्या एका भागात सविस्तर पाहिलं आहे, पुन्हा सांगत नाही.

म्हापशाचं नाव निघालंच आहे म्हणून एक गोष्ट सांगते. म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रीस सायबीण आहे. लोक म्हणतात, ती शिरगावच्या लईराईची बहीण, सात बहिणींपैकी एक, फक्त ती ख्रिस्ती झाली. सायबिणीच्या फेस्ताला शिरगावहून तेल जातं. लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगऱ्याची फुलं येतात. सोयऱ्यांकडे फुलं पाठवायची नाहीत, असं ते कलम होतं, आठवतंय ना?

पुढच्या भागात आपण मुळशीला जाऊ. १९२१ ची रामनवमी, धरणाच्या जागेवर येऊन बसलेले मावळे आणि सेनापती बापट. तिथेही प्रश्न भाताच्या जमिनीचाच होता. भेटू.